लॅम्बर्टचं मत

वेन्डेलला आपली नोकरी वाचवायची होती, आणि त्यासाठी गावाने बंद पडलेलं शवगृह विकत घेणं भाग होतं.

ऑस्टरडेलचं पोलीस ठाणं म्हणजे लायब्ररीच्या तळघरातली एक खोली, आणि ठाण्यातलं मनुष्यबळ म्हणजे एकटा वेन्डेल. बर्फ वितळला की तळघरात पाणी शिरे आणि तो टेबलावर मांडी घालून लोकांच्या तक्रारी घेई. आता पोलिसांनी छातीवर कॅमेरा लावावा असं ठरत होतं, पण कॅमेरा चार्ज करायला निदान एक कोरडी भिंत तर हवी! ती होती शवगृहात. नगर परिषदेत मात्र दोन मतं बाजूने पडली, दोन विरुद्ध. पाचवं मत लॅम्बर्टचं, आणि लॅम्बर्ट नुकताच त्या शवगृहाचं शेवटचं गिऱ्हाईक होऊन गेला होता. त्याला पोचवून मालकाने दाराला कुलूप घातलं.

"तो असता तरी काय दिवे लावणार होता?" मेयर आर्लिसबाई म्हणाल्या. "जन्मात कधी 'मंजूर' म्हणाला नाही."

खरंच होतं. चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी तोंडात टाकायची पांढरी पेपरमिंटची गोळी लॅम्बर्ट सभेतही चघळायचा. ती कवळीवर आपटून टक् टक् वाजायची आणि मागोमाग "नामंजूर" यायचं.

"आधी आठवडाभर कॅमेरा लावून फिर," हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि विरोधी गटाचा म्होरक्या हार्लन वेन्डेलला म्हणाला. "काय टिपलंस ते पुढच्या सभेत सगळ्यांसमोर बघू. नाही पटलं तर तुझं काम काउंटीच्या शेरीफला देऊन मोकळे होऊ."

रविवारी चर्च सुटल्यावर वेन्डेल शवगृहाची जागा बघायला गेला. आत शिरताना त्याने कॅमेरा सुरू केला आणि नंतर साफ विसरला. कॅमेरा चालू असल्याची आठवण करून द्यायला छातीवर थरथरला, पण वेन्डेलला वाटलं आपलं काळीजच थरथरतंय. त्या जागेत तसं वाटणं साहजिक होतं. अंत्यदर्शनाच्या दिवाणखान्यात लॅम्बर्टच्या वेळच्या खुर्च्या रांगेने तशाच मांडलेल्या होत्या. सभेतल्या भाषणाची तालीम करायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? पण रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलताना त्याची जीभ अडखळू लागली. म्हणून त्याने परिषदेतल्या सगळ्यांचे आवाज स्वतःच काढले. नकला करणं एवढं एकच व्यसन त्याला होतं.

सभेला सारा गाव लोटला. कारकून जोलीनने पडद्यावर नेमकी शवगृहातली फिल्म लावली, आणि बाहेरचा दरवाजा पडद्यावर दिसताच कॅमेरा चालूच राहिला होता हे वेन्डेलच्या लक्षात आलं.

पडद्यावर रिकाम्या खुर्च्या होत्या. माणूस एकही नव्हता. त्या खुर्च्यांमधून आर्लिसबाईंचा आवाज आला, "चला, बसा सगळे, उशीर झालाय!"

आर्लिसबाईंच्या हातातली कॉफी सांडली. "मी... मी तिथे कधी गेले होते?"

"माझं आधी उरका, मला घाई आहे," खुर्च्यांमधून हार्लन म्हणाला.

"हा माझा आवाज आहे!" खरा हार्लन पांढराफटक पडला. "शवगृहात माझा आवाज काय करतोय?"

"आणि घाई कसली रे आहे तुला?" मागून कुणीतरी विचारलं. पण हसलं कुणी नाही.

गप्प बसावं, तर जागा झपाटलेली ठरणार. बोलावं, तर मेयरची नक्कल केल्याबद्दल घरी बसावं लागणार. वेन्डेल उभा राहिला.

"तो मी आहे," तो कसाबसा म्हणाला. "कॅमेरा छातीवर असतो. त्यात सगळं दिसतं, लावणारा तेवढा दिसत नाही. मी भाषणाची तालीम करत होतो. तुमचे आवाज मीच काढले."

"माझा आवाज इतका किनरा आहे?" आर्लिसबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम."

"खरं सांग."

"थोडासा."

सगळं सभागृह हसायला लागलं. सुटकेचं हसू लवकर थांबत नाही. त्या गडबडीत फिल्म बंद करायचं जोलीनच्या लक्षातच राहिलं नाही. पडद्यावर वेन्डेल विचारत होता, "बाजूने कोण कोण आहे?"

रिकाम्या खुर्च्या. शांतता. मग शेवटच्या रांगेतून आवाज आला.

टक्. टक्.

"मंजूर."

"आभारी आहे," पडद्यावरचा वेन्डेल म्हणाला आणि फिल्म संपली.

हसू जागच्या जागी विरलं. "वेन्डेल, हे अति झालं," हार्लन हळूच म्हणाला. "मेलेल्या माणसाची तरी नक्कल करू नये."

"लॅम्बर्टची मी केलीच नाही." वेन्डेल म्हणाला. "मला ती जमत नाही. त्यासाठी कवळी लागते. आणि 'आभारी आहे' हे भाषणातलंच होतं. मला तेव्हा काही ऐकूसुद्धा आलं नव्हतं."

"परत लावू का?" जोलीनने विचारलं.

"नको!" सगळा गाव एका सुरात ओरडला.

हार्लन उठून उभा राहिला. "ज्याने गल्लीतल्या दिव्याच्या खांबालाही कधी होकार दिला नाही, तो तिथून हो म्हणतोय," तो म्हणाला. "मी त्याच्या विरुद्ध जायचा नाही. आज ना उद्या गाठ पडायचीच आहे. मंजूर!"

चारही हात वर गेले. वेन्डेलला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. एरवी ऑस्टरडेलचे लोक निरोप घेताना दारात ताटकळत तासभर बोलत राहतात. आज मात्र बघता बघता सभागृह रिकामं झालं. फक्त हार्लन दारातून मागे वळला.

"सोमवारपासून तिथेच बसणार ना तू? एकटाच?"

तोवर हा विचार वेन्डेलच्या डोक्यात आलाच नव्हता.

सोमवारी सकाळी त्याने शवगृहाचं कुलूप काढलं. खुर्च्या उचलायला येतो असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण कुणीही फिरकलं नव्हतं. त्याने जीव मुठीत धरून शेवटच्या खुर्चीवर पेपरमिंटची पुडी ठेवली, तसाच मागे मागे दारापर्यंत आला आणि कॅमेरा बंद केला. मग एक पाय पायरीवर ठेवून टोपी काढली.

"लॅम्बर्ट," तो अदबीने म्हणाला, "आत येऊ ना?"

शेवटच्या रांगेत पुडीचा कागद सळसळला. मग टक् टक् आवाज आला.

"नामंजूर."