जकात नाक्याला आलेली स्थळं

नेरवाडीच्या बंद पडलेल्या जकात नाक्याने तिसरंही स्थळ नाकारलं, तेव्हा नगरपालिकेचे मध्यस्थ दिगंबर निकुंभ यांनी कपाळाला हात लावला. रिकाम्या इमारतीला तिच्या मर्जीशिवाय कामाला जुंपायचं नाही, असा नेरवाडीचा ठरावच आहे. रीतसर कांदेपोहे होतात, उमेदवार येतात, इमारत चार प्रश्न विचारते. जुन्या बर्फाच्या कारखान्याने तर एका बैठकीत कुस्तीची तालीम पत्करली होती. नाका मात्र भलताच चोखंदळ. वाचनालयाला म्हणाला, "अख्खा जन्म हुज्जतीत गेला माझा, आता ही मुकी माणसं कशाला?" व्यायामशाळेला म्हणाला, "उघडीबंब माणसं आमच्यात चालत नाहीत." ब्यूटी पार्लरच्या बाई अजून टेकल्याही नव्हत्या, तोच दाराला आतून कडी लागली.

मुख्याधिकारी रसाळसाहेबांनी निकुंभांना बोलावून घेतलं. "रविवारी शेवटची बैठक. जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी जेसीबी."

निकुंभांची नोकरीतली सुरुवातीची वर्षं याच नाक्यावर गेली होती, आणि नाका त्यांना अजून 'दिगू' म्हणायचा. कुणावर तरी खापर फोडायला हवं होतं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "रविवारच्या पोह्यांत मीठ नीट घाल. मागच्या वेळी अळणी होते, त्यानंच बिनसलं असणार."

झालं! तिन्ही बैठकांचे पोहे कौसल्याबाईंनीच केले होते, आणि 'बाई, तुम्ही खाल्लेत का' असं एकदाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला, पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि म्हणाल्या, "मी चालले माहेरी."

उंबऱ्यावर मात्र त्या थबकल्या. आईवडील कधीच गेले होते, भावाने घर विकून सुरत गाठली होती. "अगं बाई," त्या पुटपुटल्या, "मला रुसून जायला जागाच नाही की!" डोळे भरून आले. पण पिशवी भरून झाली होती आणि शेजारीण बघत होती. त्या तरातरा निघाल्या. निकुंभ मागोमाग, हाक ऐकू जाईल पण पिशवी लागणार नाही, एवढं अंतर ठेवून.

वेशीवर नाक्याने सवयीने अडवलं. "थांबा. पिशवीत काय आहे?"

"दोन साड्या."

"आणि?"

"आणि राग."

"कुठं नेताय?"

"नेऊ कुठं? माहेर उरलंय कुठं मला?"

दाराची कडी निघाली. "आत ये, बाय माझी. किती गं ऊन लागलंय! पाय धू आधी."

निकुंभ पायरी चढायला लागले, तसा नाका गरजला, "जावईबापू, तुम्ही ओट्यावरच बसा."

"अरे, मी दिगू!"

"ते मागाहून बघू. माझ्या लेकीला काय बोललात?"

निकुंभांनी कार्यालयात कळवलं की नाक्याने आपलं स्थळ आपणच निवडलं असून त्याला माहेर व्हायचंय. रसाळसाहेबांनी चष्मा काढला. "वाचनालय आहे, गोदाम आहे. माहेर नियमात बसत नाही, निकुंभ. सोमवार म्हणजे सोमवार."

तोवर बातमी गावभर झाली होती. माहेर नसलेल्या बायका पिशव्या घेऊन येऊ लागल्या. सखूबाई कोष्टी आल्या. ज्यांच्यावर रुसायचं ते यजमानच वारले होते, म्हणून त्या नुसत्याच आल्या.

सोमवारी जेसीबी आला, मागोमाग रसाळसाहेब. त्याने सोंड उचलली आणि तशीच धरून ठेवली. ड्रायव्हर खाली उतरला. "साहेब, नाही जमायचं. आत माहेरवाशिणी आहेत."

"मग बाहेर काढ त्यांना."

"त्यात माझीपण आहे," ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला. "मी बाहेर काढली तर घरी कशाला येतेय ती?"

रसाळसाहेबही संसारी गृहस्थ. त्यांनी जेसीबीच्या चाकावर कागद टेकवून मंजुरी लिहिली. वापर: माहेर, पुढील आदेशापर्यंत.

निकुंभांना आनंदाने रडू आलं. खिडकीपाशी जाऊन ते म्हणाले, "मीठ बरोबर होतं."

"मोठ्यानं," नाका म्हणाला.

"मीठ बरोबर होतं!" आतल्या बायका हसल्या. कौसल्याबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. "यापुढं बैठकीचे पोहे तुम्ही करायचे."

"करतो, बाई, करतो."

"थांब पोरी," नाका म्हणाला, "अशी जाऊ नकोस." त्याच्या भिंतीतली एक वीट सुटली आणि अलगद कौसल्याबाईंच्या पदरात पडली. मागे सखूबाई निघाल्या होत्या. यजमान गेल्यापासून त्यांची ओटी कुणी भरली नव्हती, त्या अंग चोरून बाजूने चालल्या. त्यांच्याही पदरात वीट पडली. सखूबाई ती पोटाशी धरून ढसाढसा रडल्या.

निकुंभांनी भिंतीतून आरपार दिसणारा रस्ता पाहिला, आणि आत पिशव्या आवरणाऱ्या बायका मोजल्या.

"अरे, वेड लागलं का तुला?" ते ओरडले. "अशानं दिवाळीपर्यंत उरशील का तू?"

"मग काय," नाका म्हणाला, "लेकीला रिकाम्या ओटीनं पाठवू?"