सील न फोडलेल्या एकोणचाळीस बाटल्या

आमच्या पतसंस्थेच्या कर्जविभागात मी सोळा वर्षं आहे. माझं काम एकच. कर्जदारापुढे करारनामा ठेवायचा, "नीट वाचून घ्या" म्हणायचं आणि तो वाचायला लागायच्या आत पान उलटून सहीच्या जागी बोट ठेवायचं. त्यामुळे फरशी पुसायचं औषध घरोघर विकण्याच्या धंद्यासाठी मी स्वतःच कर्ज काढलं, तेव्हा एक ओळही वाचली नाही. (स्वतःच्याच संस्थेवर अविश्वास दाखवणं बरं दिसत नाही.)

जामीनदार म्हणून बायकोची सही हवी होती. ती शाळेत शिकवते. तिने संस्थेचा आणि औषधाच्या कंपनीचा, दोन्ही करार लाल पेन घेऊन दोन संध्याकाळ वाचले.

"अहो, तुम्ही हप्ते थकवलेत तर माझ्या पगारातून कापणार, असं लिहिलंय."

"ती नुसती फॉर्मॅलिटी असते."

"आणि धंदा बुडाला तरी कर्ज फेडावंच लागणार."

"बुडायचं कशाला?"

तिने सही केली. मला भरून आलं. चाळीस बाटल्यांचं खोकं आलं, तेव्हा तिने एक बाटली माझ्या हातात दिली आणि बाकीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"ही दाखवून ऑर्डरी आणा. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

यशस्वी माणसाला पहिला विरोध घरातूनच होतो, असं कंपनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मी तिला मनातल्या मनात माफ केलं.

पंचवीस दिवस मी नातेवाइकांचे उंबरठे झिजवले. मावशीची फरशी तर इतकी गुळगुळीत करून दिली की मावशी दोनदा खाली बसली.

"बादलीला अर्धं झाकण बास," मी कंपनीने शिकवल्याप्रमाणे ठासून सांगितलं. "एक बाटली दोन वर्षं पुरते."

"मग आधी तुझी पुरते का बघ, आणि मग ये," मावशी खालूनच म्हणाली.

सव्विसाव्या दिवशी जेवताना मी ताट बाजूला सारलं.

"माझं चुकलं," मी बायकोला म्हणालो. "एकही बाटली खपली नाही. तुझा पगार मी अडकवला." मला खरोखर लाज वाटत होती.

तिने हात धुतले आणि कंपनीचा करार काढला. अकराव्या कलमाखाली लाल रेघ होती. तीस दिवसांच्या आत, सील न फोडलेला माल परत केल्यास पूर्ण पैसे परत.

"हे तुला माहीत होतं?"

"सही तुमची आहे त्याखाली."

एकोणचाळीस बाटल्या परत गेल्या आणि आलेले पैसे कर्जात भरले. उरली फोडलेल्या बाटलीची किंमत आणि महिन्याचं व्याज. ते तिने भरलं आणि वसुलीसाठी एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"नीट वाचून घ्या," ती म्हणाली.

मी सवयीने सहीची जागा शोधली, सही केली आणि मग वाचलं. फोडलेली बाटली संपेपर्यंत घरातली फरशी रोज मी पुसायची होती, बादलीला अर्धं झाकण घालून.

त्याला आता चौदा महिने झाले. परवा बाटली उजेडात धरून पाहिली, तर औषध जेमतेम निम्म्यावर आलं आहे. कंपनीचं तेवढं एक बोलणं खरं निघालं.