दगडूतात्यांची दोन इंजिनं

सोनईत पाणबुडी चालवणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या शेजारी राहतो. दगडूतात्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगात बंडी, डोक्याला टोपी. उभा जन्म ट्रॅक्टर चालवण्यात गेला. समुद्र पाहिलेला नाही. "मुळा धरण पाह्यलंय की," म्हणतात. "त्येच्यात मीठ टाकलं की झाला समुद्र."

पाणबुडी अर्थात कॉम्प्युटरमधली. लेकानं पुण्याला नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना इकडे आणून ठेवला, त्यात हा खेळ होता. दुसरा कुणी असता तर त्यानं एव्हाना पाच-पन्नास जहाजं बुडवली असती. तात्यांना बुडवाबुडवीत रस नाही. शत्रूचं जहाज दिसलं की लांबून वळसा घालतात. "जाऊ द्या त्येंना. त्येंची बी वाट बघनारं कुनी आसंल." त्यांचा सगळा जीव पाणबुडीच्या दोन इंजिनांत. डाव्याला वेगाचा वेगळा दांडा, उजव्याला वेगळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. या विषयावर ते कुठेही बोलतात. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना बोलतात, आणि सलूनवाला बिचारा वस्तरा वर धरून "व्हय, व्हय" करत थांबतो.

एकदा मी विचारण्याची चूक केली. "तात्या, वळायला सुकाणू असताना इंजिनं वेगवेगळी कशाला हवीत?" मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो, त्यामुळे प्रश्न बिनतोड आहे अशी माझी समजूत होती. तात्यांनी मला हाताला धरून नेलं आणि गल्लीत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर बसवलं.

"ब्रेक किती हायेत, सर?"

"दोन."

"कशापायी? सरीच्या टोकाला वळायला जागा ऱ्हाती का? न्हाई. मंग डावा ब्रेक दाबायचा. डावं चाक जाग्याव, उजवं फिरतं, ट्रॅक्टर गर्रकन वळतो. पानबुडीचं तसंच. येक इंजिन फुडं, येक मागं. सुकानू पळत्या पानबुडीला. उभ्या पानबुडीचं सुकानू म्हंजी उभ्या सायकलीचं हँडल, बसा हलवत!"

"पण हे दोन ब्रेक कडीनं जोडताही येतात की," मी जरा हुशारी दाखवली.

"सडकंला जोडायचे. रानात कडी काढायची. समुद्र म्हंजी रानच हाय. आन् येक इंजिन आजारी पडलं, तर दुसऱ्यानं त्येला घरी आनायचं का न्हाई?"

एवढं तत्त्वज्ञान असून त्यांची पाणबुडी काही सरळ जात नसे. माझ्या खिडकीतून त्यांच्या कॉम्प्युटरचा तेवढा पडदा दिसतो. सारखी डावीकडे ओढ. "तात्या, डाव्या चाकात हवा कमी आहे!" असं मी ओरडायचो. ते नुसते हसायचे.

मला त्यांचा खरा राग यायचा तो वेगळ्या कारणानं. गेल्या वर्षी काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभही जड झाली. बाई दिवसभर खुर्चीत बसून, आणि हे गृहस्थ दुपार-दुपार पाणबुडीत! एक दिवस चांगलं सुनावायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

मध्यंतरी तात्या दळण आणायला गेले असताना मी पेपर परत द्यायला त्यांच्याकडे गेलो. काकू आत झोपल्या होत्या. पडद्यावर खेळाची नवीन आवृत्ती आल्याची सूचना होती. म्हाताऱ्यावर तेवढेच उपकार, म्हणून मी बटण दाबलं. नव्या आवृत्तीत सगळं सोपं केलं होतं. दोन्ही इंजिनांना मिळून एकच दांडा. पाणबुडी सुतासारखी सरळ. परत आलेल्या तात्यांना ते दारातच सांगून मी खुशीत घरी आलो.

चार दिवस तात्या माझ्याशी बोलले नाहीत. मी दिसलो की टोपी नीट करत दुसरीकडे बघायचे. पाचव्या दिवशी दारात येऊन उभे राहिले.

"सर, ती कडी काढा."

"अहो तात्या, खेळ आहे तो! आता सरळ जाते की नाही?"

"काढा म्हनतो न्हवं मी!" त्यांचा आवाज चिरकला. मी मनातलं भाषण जुळवत त्यांच्या मागून गेलो.

कॉम्प्युटरसमोर काकू बसल्या होत्या. मांडीवर एक जुना कीबोर्ड. तात्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं त्याच्या सगळ्या कळा उचकटून काढल्या होत्या, फक्त दोन ठेवल्या होत्या. त्यांवर काकूंच्या डाव्या हाताची बोटं होती. मला बघताच त्यांनी उजव्या हातानं तो हात उचलून पदराखाली घेतला.

"डावं इंजिन हिच्याकडं हाय," तात्या हळूच म्हणाले. "लोकांम्होरं लाज वाटती तिला. पयलं बोट हलायला दोन म्हयने लागले, सर. आन् आता चार दिस झालं, कळ दाबती आन् कायबी व्हत न्हाई. म्या सांगतोय यंत्र बिघडलंय. तिला वाटतं, आपला हातच पुन्हा ग्येला."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जुनी आवृत्ती शोधून परत घालायला संध्याकाळ झाली. तेवढ्या वेळात तात्यांनी मला तीनदा चहा दिला, स्वतः एकदाही घेतला नाही. शेवटी पडद्यावर दोन दांडे उगवले. तात्या खुर्ची ओढून बसले.

"आगं, डावं फुडं घी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून खिडकीशी गेलो आणि रस्त्यावर काहीतरी महत्त्वाचं चाललंय अशा थाटात बाहेर बघत राहिलो. मागे एक कळ वाजली. मग पुन्हा, आणि पुन्हा.

"आलं!" तात्या म्हणाले. "आलं गं! आता बास. लई झालं, कमी कर थोडं."

काकूंची जीभ जड होती, पण शब्द मला खिडकीपर्यंत स्वच्छ ऐकू आले.

"न्हाई करत."