तुटवडा नसल्याबाबत

१९५८ सालच्या मार्च महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी, एका सरकारी पुरवठा खात्याच्या प्रसिद्धी शाखेला जनतेस सांगण्यासारखे काहीच उरले नाही. बाब गंभीर होती. शाखेने आठवड्याला किमान सहा पत्रके काढावीत असा नियम होता, आणि निघाली होती पाच. सहावे न निघाल्यास शाखेची गरज काय, असा प्रश्न वरून येण्याचा संभव होता. ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो येऊच न देणे, यालाच तर प्रशासन म्हणतात.

पत्रके लिहायचे काम चिंतामणी त्रिलोकेकरकडे असे. गिरगावात ठाकूरद्वारच्या चाळीत राहणारा, मोत्यासारखे अक्षर असलेला आणि अकरा वर्षांच्या नोकरीत एकही वाक्य कर्तरी प्रयोगात न लिहिलेला हा सज्जन गृहस्थ.

“साहेब, विषय काय घेऊ?” त्याने प्रसिद्धी अधिकारी कोठारेसाहेबांना विचारले.

“खरं असेल ते लिहा,” साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. “घासलेट मिळतंय ना व्यवस्थित? मग तेच लिहा.”

चिंतामणीने लिहिले : ‘मुंबई शहरात घासलेटचा मुळीच तुटवडा नाही. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’ शब्द न् शब्द खरा होता. शनिवारी तो वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून आला आणि सकाळी दहाच्या आत शहर घाबरले.

दुपारपर्यंत दादर, नायगाव, लालबाग सगळीकडे डबे घेऊन रांगा लागल्या. चिंतामणी घरी आला तर त्याच्या बायकोने, नलूने, दोन डबे, एक कळशी आणि आंघोळीच्या पाण्याचा बंबसुद्धा घासलेटने भरून ठेवलेला.

“अगं, तुटवडा नाहीये! मीच लिहिलंय ते!”

“म्हणूनच,” नलू म्हणाली. “काही नसतं, तर ‘नाही’ म्हणायला तुमचं खातं कागद खर्च करेल?”

लोकांनी तीन-तीन महिन्यांचे घासलेट नेल्यामुळे सोमवारी दुकाने खरोखरच रिकामी झाली. शाखेने तातडीने दुसरे पत्रक काढले : ‘नागरिकांनी रांगा लावू नयेत.’ ज्यांना रांगांची वार्ता नव्हती त्यांना ती या पत्रकातून कळली.

मग साहेबांनी चिंतामणीला भोंगा लावलेल्या गाडीत बसवून लालबागला पाठवले. “घासलेट भरपूर आहे!” असे तो चौथ्यांदा ओरडला, तेव्हा गिरणीत कामाला जाणारी मीराबाई कमरेवरचा डबा सावरत गाडीला आडवी आली.

“भरपूर आसा, तर सांगीत कित्याक फिरतास? दर्यात पाणी भरपूर आसा, ता सांगूक कोण भोंगो घेऊन येता काय?”

रांग हसली. मागून कुणीतरी आरोळी दिली, “घासलेटसह संयुक्त महाराष्ट्र...” आणि शे-दीडशे बायकांनी ती पुरी केली, “झालाच पाहिजे!” गाडी तिथूनच परत फिरली.

“लोक आपलं उलटं ऐकतात,” कोठारेसाहेब विचारपूर्वक म्हणाले. “ठीक आहे. आपण उलटं बोलू.”

चिंतामणीने लिहिले : ‘घासलेटचा तीव्र तुटवडा आहे. नागरिकांनी ताबडतोब साठा करावा.’ दुसऱ्या दिवशी रांगा गायब! सरकारच साठा करा म्हणतेय, त्या अर्थी कुणाचा तरी माल पडून असणार, असे लोकांनी ताडले. भरलेले डबे दुकानदारांना परत गेले. नलूनेही बंब रिकामा केला आणि पाच दिवसांनी चिंतामणीला ऊन पाण्याची आंघोळ मिळाली. पाण्याला घासलेटचा वास येत होता.

गुरुवारी वरून पत्र आले : ‘खात्याने जाहीर केलेला तुटवडा प्रत्यक्षात आढळून येत नाही. खुलासा करावा.’

“साहेब, पत्रक मागे घेऊ या का?”

“मागे घेतलं म्हणजे चूक झाली,” साहेब म्हणाले. “उद्यापासून दोन आठवडे दुकानांचं घासलेट थांबवलं, म्हणजे नियोजन झालं. आणि हे बाहेर गेलं, त्रिलोकेकर, तर तुमची नोकरी गेली.”

चिंतामणी घरी आला. चाळीच्या गॅलरीत शेवंती, नऊ दिवसांची बाळंतीण, स्टोव्हवर बाळाचे पाणी ठेवत होती. त्याच्याच्याने राहवेना.

“ऐका हो सगळे! उद्यापासून घासलेट येणार नाही. आजच भरून ठेवा. देवाशपथ सांगतो!”

चाळ खो खो हसली. “चिंतामण, ऑफिस सुटलं रे!” शेजारचा रघू ओरडला.

तो उंबऱ्यावरच बसला. अकरा वर्षांत प्रथमच त्याला कुणीतरी आपले ऐकावे असे वाटले होते. नलूने त्याच्याकडे एकवार पाहिले, डबा उचलला आणि चपला पायात सरकवल्या.

“तुला पटलं?”

“आज तुम्ही ‘नागरिकांनी’ म्हणाला नाहीत,” नलू म्हणाली आणि जिना उतरली.

डबा घेऊन निघालेली नलू चाळीने पाहिली. आधी शेवंतीची सासू धावली, मग रघू, आणि पाव तासात निम्मे ठाकूरद्वार रांगेत होते. पुढचे पंधरा दिवस शहरात स्टोव्ह थंड होते. बाळाला मात्र ऊन पाणी मिळाले.

जाहीर केलेला तुटवडा तंतोतंत आढळल्याबद्दल कोठारेसाहेबांना बढती मिळाली. गिरगावात बातमी फोडली कोणी, याची रीतसर चौकशीही झाली. प्रसिद्धी शाखेकडून जनतेला माहिती मिळाल्याचे एकही पूर्वोदाहरण नसल्यामुळे चिंतामणी निर्दोष सुटला.

ठाकूरद्वारला रांग लागली त्या संध्याकाळी तिच्या शेवटी तो स्वतः उभा होता. ट्रामच्या बाजूने एक गृहस्थ घाईघाईने आले.

“कशाची रांग हो?”

“घासलेटची.”

“हात्तिच्या! माझ्या माळ्यावर तीन डबे भरलेले आहेत,” असे म्हणून ते चिंतामणीच्या मागे उभे राहिले.

त्यांचे नाव आम्ही छापत नाही. आपल्या घरी माळा असल्यास वडिलांकडे चौकशी करावी.