मिठाच्या पेटीतील बुडबुड्यांच्या पारिपत्याची हकीकत

समुद्रास वंदन, मिठास वंदन, आणि त्या दोहोंच्या मधोमध ज्यांनी विलायती यंत्र आणून उभे केले त्या शेठजींच्या अकलेस त्रिवार वंदन करून लेखक लिहितो ते ऐसे जे, शके अठराशे त्र्याऐंशी, माघमासी, कुलाबा प्रांती, उरणनजीक मिठागरावर घोर युद्ध जाहले, आणि ते आजवर कोणी लिहून ठेविले नाही, कारण लिहिणारे सारे शेठजींच्या पदरी होते.

यंत्र म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी पेटी, तळाशी चाळणी, चाळणीवर ओले मीठ, आणि खालून पंख्याने गरम हवेची फौज रवाना करावी, म्हणजे मिठाचे कण तरंगून पाण्यासारखे खळखळावे आणि घटकेत कोरडे व्हावे, ऐसे बरोबर आलेल्या पुस्तकात होते. आजवर हे काम सगुणाबाई आणि आणखी आठ बाया उन्हात फळ्यांवर मीठ पसरून करीत. परंतु ऊन फुकट मिळते, सबब शेठजींचा त्यावर भरवसा नव्हता. यंत्रावर सगुणाबाईंचे यजमान अंबाजी यांची नेमणूक जाहली, आणि त्यांनी या नोकरीपायी मिठागरातील वडिलार्जित वाटा चुलतभावास सोडून दिला. मग हुकूम सुटला की, पौर्णिमेपर्यंत यंत्र न चालल्यास यंत्राने परत जावे आणि अंबाजीनेही जावे.

पेटीस काचेची खिडकी होती, तीतून गनीम दिसे. तळाशी बोराएवढे बुडबुडे निघत, मग एकमेकांस गिळीत वर चढत, आणि मध्यावर येतात तो एकच थोरला बुडबुडा होई, वरून गोल, बुडाशी खोलगट, उपड्या वाटीसारखा. कधी त्याच्या छतातून मिठाची धार उतरून त्याचे दोन तुकडे करी, तेव्हा अंबाजीस आशा वाटे, आणि मग ते तुकडे पुन्हा एक होत. सारी गरम हवा त्या बुडबुड्याच्या पोटात बसून, मिठास न भेटता, वर जाऊन फुटे, आणि शेरभर ओले मीठ रामचंद्रपंतांच्या चष्म्यावर येई. पंत हे मुंबईहून आणविलेले इंजिनियर. त्यांनी मसलत केली की हवा वाढवावी, बुडबुडा वाढला. मग हवा कमी करविली. मीठ जागचे हलेना. मग तिसरी मसलत म्हणून चहा मागविला. अंबाजीस मात्र दोन दिवस घास उतरला नाही, आणि लेखकास त्याची फार कीव येते.

चतुर्दशीस सगुणाबाई भाकर घेऊन आल्या, काचेतून पाहिले, आणि पंतांस म्हणाल्या, "अवं सायेब, पेज उतू जायला लागली का आमी पली आरवी ठेवतांव. तशी ठेवा की कायतरी!"

भांड्यावर आडव्या ठेवायच्या पळीचा हा इलाज ऐकून पंत पोटभर हसले. मग हसून झाल्यावर दुसरा इलाज दिसेना, सबब त्यांच्याच कचेरीच्या खिडकीचे गज काढून लोहाराकडून पेटीत आडवे बसविले. बुडबुडा गजावर चढला, चपटा जाहला, दोहों अंगांनी लोंबला आणि मधोमध चिरला. परंतु वर जाऊन तुकडे परत जुळू लागले, तेव्हा बाईंनी फर्माविले, "वरतीबी एक रांग लावा." दुसरी रांग लागली, आणि मग मीठ मंद आचेवरच्या पेजेसारखे रटरटू लागले आणि घटकेत कोरडे ठणठणीत जाहले. नवऱ्याने तिथेच बसून भाकर खाल्ली.

पौर्णिमेस शेठजींची स्वारी आली, मूठभर मीठ हाती घेऊन मर्जी खूश जाहली, आणि हुकूम जाहले ते येणेप्रमाणे: गजांच्या युक्तीस रामचंद्रपंतांचे नाव द्यावे, आणि पंतांस शालजोडी, अंबाजीस नोकरी कायम, आणि यंत्र चालते, सबब उन्हात मीठ पसरणाऱ्या बायांनी उद्यापासून येऊ नये. आठ बायांनी सगुणाबाईंकडे एकवार पाहिले आणि घराची वाट धरली. सगुणाबाईंनी भाकरीचे फडके झटकले आणि त्याही बायांच्या मागून चालू लागल्या.

ऐशी फत्ते जाहली. गनिमाकडील बुडबुडे किती पडले याची मोजदाद नाही. आपल्याकडील बाया नऊ.