सात खिशांचा कोट

"दोन मुलं आणि नोकरी, यात काय एवढं?"

हेडबाईंचं हे वाक्य घरात इतक्या वेळा ऐकू यायचं की त्यांची पाच वर्षांची नातसुद्धा कमरेवर हात ठेवून आरशासमोर ते म्हणायची. हेडबाई म्हणजे त्या घरातल्या आजी. शाळा तिसरीपर्यंतच झालेली. पण गणवेश शिवायच्या कारखान्यात त्यांनी मशीन चालवलं होतं, आणि चाळीस बायकांच्या शिवणीतल्या चुका त्या लांबून नुसत्या बघून सांगायच्या. तिथेच हे नाव पडलं. कारखाना सुटला, नाव सुटलं नाही आणि चुका काढायची सवय तर मुळीच नाही.

चुका काढायला घरात सून होती. ती लिफ्ट तपासणारी. मोठमोठ्या इमारतींत जायचं, दोर, दारं, ब्रेक बघायचे, सही करायची. घरी दोन मुलं. थोरली ती आरशासमोरची. प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घ्यायची, म्हणून वकीलीण. धाकटा दीड वर्षाचा, चालायचा कमी आणि हुकूम जास्त सोडायचा, म्हणून लाटसाहेब. मुलांचे वडील महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. म्हणजे सगळा डोलारा हेडबाईंच्या खांद्यावर, असं निदान हेडबाई तरी सांगायच्या.

मागच्या वर्षी सूनबाईंची बढती हातातोंडाशी आली होती. साहेब लोक प्रश्न विचारत होते आणि मध्येच घरून फोन गेला. ती तशीच उठून धावत घरी आली. फोन हेडबाईंनी केला होता. लाटसाहेबांनी दूध प्यायला नकार दिला होता, एवढंच. सूनबाई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दोन शब्द हेडबाईंनीही ऐकवले असते आणि विषय मिटला असता. ती बोलली नाही, म्हणून तो विषय वर्षभर भिंतीवरच्या ओलीसारखा तिथेच राहिला.

आता तीच जागा पुन्हा निघाली होती. या खेपेला तरी आपल्या हातून काही चांगलं घडावं म्हणून हेडबाईंनी सूनबाईंचा ऑफिसचा कोट हातात घेतला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, याला खिसेच नाहीत. नुसती झाकणं शिवलीत वरून."

"बायकांच्या कोटांना असंच असतं, आई."

"मग तू टॉर्च कुठं ठेवतेस? टेप? पेन्सिल?"

"हातात."

"आणि पोरगं?"

"ते तुमच्याकडे असतं ना," सूनबाई हसून म्हणाली.

हेडबाईंनी गडद निळं कापड आणलं आणि आठ दिवसांत कोट शिवून उभा केला. खिसे सात, सगळे खरे. टॉर्चचा खोल, पेन्सिलीचा अरुंद, वहीचा आतल्या बाजूला काळजाजवळ. कापड उरलं, त्यात त्यांनी स्वतःच्या मापाचा दुसरा कोट शिवला. तो हौसेपोटी नव्हे. आई निघाली की लाटसाहेब घर डोक्यावर घ्यायचे, आणि आईच्या कोटात तोंड खुपसलं की गप्प व्हायचे. तेव्हा आई गेली की आजीनं तसलाच कोट चढवायचा, असा बेत. बेत कमालीचा यशस्वी झाला. लाटसाहेब आजीच्या कोटाला लोंबकळत दिवस काढू लागले आणि त्याच्या सात खिशांत आपला संसार भरू लागले.

दोन्ही कोट सारखे, म्हणून हेडबाईंनी कॉलरच्या आत खूण केली. सूनबाईंच्या कोटाला लाल दोरा, आपल्या कोटाला हिरवा. "डोळे मिटून ओळखेन, पण तुमच्यासाठी खूण," असं वर ऐकवलंही.

परीक्षेचा दिवस उजाडला. एका दहा मजली इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर साहेब लोक बसणार होते. तिथल्या लिफ्टची सूनबाईंनी सहा महिने नोंद ठेवली होती, ती वही तिने आदल्या संध्याकाळीच कोटाच्या आतल्या खिशात घातली होती. घरात कोट अंगावर घालायचा नाही, हा तिचा नियम, कारण लाटसाहेबांचे हात कायम चिकट. कोट घडी करून पिशवीत जायचा आणि तिकडे पोचल्यावरच अंगावर चढायचा.

एरवी सूनबाई आपला कोट आपणच घ्यायची. आज हेडबाईंनी खुंटीवरच्या दोन कोटांतला एक घेतला, कॉलर उलटली, लाल दोरा नीट पाहिला, घडी घातली आणि पिशवी हातात दिली.

"जा निश्चिंत. आज आभाळ कोसळलं तरी या घरातून फोन येणार नाही."

सूनबाई गेली. लाटसाहेबांनी गळा काढला. हेडबाईंनी दुसरा कोट चढवला आणि त्यांचे हात दिसेनासे झाले. बाह्या बोटांच्या पुढे चार बोटं लोंबत होत्या.

"आजी, तू आटलीस," वकीलीण म्हणाली. तिला त्या दिवशी सुट्टी होती.

हेडबाईंनी आतल्या खिशात हात घातला. वही निघाली. पाठोपाठ सूनबाईंचं ओळखपत्र.

"कोटांना हात कोणी लावला? तू?"

"मी कशाला लावू? माझा हात तिथे पोचतो का?"

फोन करता येत नव्हता. शब्द दिला होता, आणि तोही आभाळासकट. हेडबाईंनी लाटसाहेबांना काखेत मारलं, वकिलिणीचं बोट धरलं, फडताळावर चिकटवलेला पत्ता दोनदा वाचला आणि बस पकडली. बसमध्ये लाटसाहेबांनी पुढच्या गृहस्थांच्या टोपीचा ताबा घेतला, तो सोडवेपर्यंत बस एक थांबा पुढे गेली. तो रस्ता पोराला कडेवर घेऊन, बाह्या सावरत, उलट चालावा लागला. चालताना त्यांना सूनबाईंबरोबर गेलेल्या कोटाच्या सात खिशांत काय काय आहे ते आठवत गेलं. रबरी बेडूक. ओलं बिस्किट. एक मोजा. लाकडी चमचा, तोही चोखलेला.

इमारतीच्या दारात पहारेकरी उभा होता.

"कुठे?"

हेडबाईंनी ओळखपत्र झळकवलं, फोटोवर अंगठा ठेवून. "लिफ्ट तपासणी."

"एक बाई मघाशीच वर गेल्या."

"मग? दोर एक असतो का लिफ्टला?"

त्याने कोटाकडे पाहिलं, काखेतल्या पोराकडे पाहिलं. "आणि ही?"

"वजनं," हेडबाई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

लिफ्टमध्ये लाटसाहेबांना बटणं दिसली. एका माणसाने एकच दाबायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही तळव्यांनी सगळी उजळून टाकली. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबू लागली. दार उघडायचं, समोर कोणी नसायचं, हेडबाई मान ताठ ठेवून उभ्या राहायच्या, दार मिटायचं. पाचव्यावर लाटसाहेब बाहेर निघाले आणि उंबऱ्याला अडखळून पालथे पडले. त्यांना उचलताना दार हेडबाईंच्या लांब बाहीवर मिटलं आणि पुन्हा उघडलं.

वर, दहाव्या मजल्यावर, तीन साहेब आणि सूनबाई तपासणीसाठी त्याच लिफ्टची वाट बघत उभे होते. त्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी, केस पांढरे, आवाज कोरडा, नेमका तेव्हाच प्रश्न विचारला.

"तुमची मुलं लहान आहेत. मागच्या वेळी तुम्ही उठून गेला होतात. घर इथवर येणार नाही कशावरून?"

"नाही येणार," सूनबाई म्हणाली.

घंटी वाजली. दार उघडलं.

समोर अख्खं घर उभं होतं. सूनबाईंच्या अंगावरच्या कोटाच्या बाह्या कोपराखाली जेमतेम पोचत होत्या आणि तिच्या हातात टेपच्या जागी लाकडी चमचा होता. हेडबाईंच्या अंगावर गुडघ्यापर्यंत कोट. लाटसाहेबांनी आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, मग आजीच्या अंगावरच्या कोटात तोंड खुपसून स्पष्ट म्हणाले, "आई."

सूनबाईंचा चेहरा एका क्षणात उतरला आणि तिने तो सावरलाही. पण हेडबाईंना दिसलं. चुका लांबून दिसायच्या त्यांना, हे तर हातभर अंतरावर होतं. त्यांना कारखान्याचं फाटक आठवलं. त्यांचा स्वतःचा मुलगा, आज वीस दिवस दौऱ्यावर असतो तो, दोन वर्षांचा असताना त्या फाटकाशी शेजारणीच्या कडेवर बसून तिलाच आई म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी मशीन सोडलं. लोकांना त्या सांगायच्या की पाठ दुखायची.

त्यांनी तिथेच कोट काढला आणि सूनबाईंपुढे धरला. सूनबाईंनी आपला काढून दिला. अदलाबदल झाली. लाटसाहेब कोटामागोमाग आईकडे गेले, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंकार देऊन पडून राहिले.

"हे सगळं तुमचं?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

"हो," सूनबाई म्हणाली. "माझंच आहे."

"आई," वकीलीण मध्येच म्हणाली, "पाचव्या मजल्यावर लिफ्ट खाली थांबते. हा पडला."

सूनबाईंनी पोराला एका हातावर पेललं आणि दुसऱ्या हाताने आतल्या खिशातून वही काढून उघडून दाखवली. त्यात लिहिलं होतं, पाचवा मजला, दोन बोटं खाली, तीन वेळा कळवलं.

बाईंनी वही पाहिली, कोटही पाहिला. "हे खिसे खरे आहेत?"

"सातही," हेडबाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी पत्र आलं. जागा सूनबाईंना मिळाली होती. हेडबाईंनी ते शेजारी-पाजारी वाचून दाखवलं आणि वही पोचवायला त्या कशा धावल्या हे प्रत्येक वेळी एक मजला वाढवून सांगितलं. संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "आई, खरं सांगू? वही यायच्या आधी वीस मिनिटं मी तोंडपाठच बोलले होते. त्यांनी लिहिलंय बघा, स्मरणशक्ती उत्तम."

"म्हणजे मी आले नसते तरी चाललं असतं?"

"चाललं असतं. पण तुम्ही आलात ते बरं झालं. मला सारखं लपवावं लागत होतं सगळं."

हेडबाईंनी विषय बदलला. "पण कोट बदलले कोणी? मी लाल दोरा या डोळ्यांनी पाहिला होता."

वकिलिणीने दोन्ही कोट खुंटीवरून ओढून आणले, कॉलरी उलटल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

"आजी, लाल. आणि हापण लाल."

हेडबाई हळूच म्हणाल्या, "तेव्हा मांडीवर लाटसाहेब होते. सारखे सुई ओढायचे. दोरा बदलायचा राहिला असेल."

सूनबाईंनी कोट घडी करता करता वर पाहिलं नाही.

"एक मूल आणि एक कोट," ती म्हणाली. "यात काय एवढं?"

हेडबाईंनी हिरवा दोरा शोधायला घेतला. तो लाटसाहेबांच्या खिशात सापडला.