भावसिंग बेशुद्ध पडतो

"पेशंट मी बनतो! बेशुद्ध पडाचं काम माह्याकडं सोडा, मॅडम!" भावसिंगनं छाती ठोकून सांगितलं.

कळंबच्या त्या छोट्या दवाखान्यात बारा वर्षं तो मलमपट्टी करत होता, पण मुख्य भूमिका त्याला कधीच कुणी दिली नव्हती. आज मात्र आणीबाणीचा सराव होता. ओपीडीत कुणी अचानक कोसळलं तर काय करायचं, हे शिकवायला उज्ज्वला मॅडम यवतमाळहून आल्या होत्या.

"काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत," त्यांनी बजावलं. "मी 'समाप्त' म्हटलं की उठायचं."

"तुम्ही म्हणसान तवाच उठीन!"

दुपारचे दोन वाजले होते. ओपीडी रिकामी होती. भावसिंग झोकात कोसळला. फरशी माठासारखी गार होती, वर पंखा संथ घरघरत होता आणि पोटात नुकत्याच खाल्लेल्या दोन भाकरी होत्या.

हळूहळू फरशी मऊ झाली. तिचा कापूस झाला! कापसातून बैलांचा तांडा निघाला. पाठीवर गोण्या, गळ्यात घंटा, पुढं आजा धावजी. सगळ्यात वरच्या गोणीवर पिसासारखा हलका भावसिंग! खाली सागाचं रान निळं-निळं पसरलेलं. कुणीतरी त्याच्या दंडाला दोरी आवळली. ती बीपीची पट्टी होती. तोंडावर झुळूक आली. तो ऑक्सिजन होता. लांब एक पाखरू ओरडलं, "समाप्त! समाप्त!"

किती गोड पाखरू, असं म्हणत भावसिंग आणखी वर तरंगला.

जाग आली ती रडण्यानं. दिवसभर त्याच्यावर खेकसणारी शगुफ्ता सिस्टर त्याच्या कानाशी हुंदके देत होती. "भाऊ, डोळे उघडा ना! अल्ला कसम, पुन्हा कधी ओरडणार नाही तुमच्यावर!"

"सिस्टर, हे आता नाटक नाही! अॅम्ब्युलन्स बोलवा!" मॅडमचा आवाज कापत होता.

अरे बाप! काय अॅक्टिंग करून राह्यल्या ह्या बाया! भावसिंगला भरून आलं. सगळे इतके जीव ओतत असताना आपण कमी पडायचं? शक्यच नाही! त्यानं श्वाससुद्धा रोखून धरला.

"मॅडम, श्वास थांबला!"

सकाळी रबराच्या बाहुलीवर छाती दाबताना शगुफ्ताचा हात दहादा चुकला होता. आता मात्र तिनं दोन्ही तळवे बरोबर मधोमध ठेवले, कोपर ताठ केले आणि अंगातलं सगळं बळ एकवटून दाबलं.

"याडीऽऽ!" आईच्या नावानं किंचाळत भावसिंग ताडकन उठून बसला. "समाप्त म्हटल्याबिगर कायले मारून राह्यल्या जी?"

मॅडम खुर्चीत मटकन बसल्या. शगुफ्तानं ओढणीनं डोळे पुसले. "झोपलते तुम्ही?"

"जरासाक."

ती निमूटपणे ऑक्सिजनची नळी गुंडाळू लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं!

"पास," मॅडम क्षीण आवाजात म्हणाल्या. "सिस्टर, तुम्ही पास."

तेवढ्यात दारातून जमनाबाई लंगडत आत आली. "पायाची पट्टी बदलून दे ना बाप्पा. एस्टी जाईन माही."

भावसिंग एका हातानं बरगडी दाबून उठला. आजच्या सरावात खरा पेशंट एकच झाला होता, तो स्वतः, आणि जमनाबाईची पट्टी बांधणारा माणूसही नेमका तोच!